ब्रेकला कळवलंस का

आई,

काल दुपारी मुंब्रा बायपासच्या उतारावर तिच्या वडिलांनी ब्रेक मारला आणि गाडीने नाक खाली घातलं, तेव्हाच सगळं बदललं. मी मधल्या सीटवर बसलेलो. मागची खोकी हलली नाहीत, कारण ती मीच पट्ट्यांनी आवळलेली. तिचे वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, सगळे घाट त्यांच्या पायात आहेत. त्यांनी गाडी कडेला घेतली, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पोरा, ही पुढे लोळण घेतेय. मागचे पाय रोवत नाही." आणि मी काय म्हणावं? "काका, एसटी वेगळी नि ही वेगळी. हिचं गणित वेगळं असतं." ते म्हणाले, "असेल बाबा, मी गणितात कच्चाच," आणि गाडी गिअरमध्ये टाकली. ती पुढे त्यांच्या शेजारी बसलेली. तिने मागे वळून बघितलं नाही. तिचे कान मात्र लाल झालेले मला दिसले. आपल्या बापाला कोणी असं बोललं की होतात तसे.

आत्ता सकाळचे पावणेसात झालेत. आंबिवलीची आपली तीच खोली. मी ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय, बसलो की पाय हलायला लागतात. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. लिहायला घेतलीत तू ज्या वजनकाट्यावर ट्रक मोजायचीस तिथली रद्द पावत्यांची पुस्तकं, जी तू किराणा लिहायला घरी आणायचीस. पाठ कोरी आहे, समोरच्या बाजूला कुठल्यातरी ट्रकचा नंबर आणि आडवी रेघ. तुला जाऊन सात वर्षं झाली आणि ही पुस्तकं अजून संपत नाहीत, कारण मी किराणा लिहीत नाही. दुकानात जाऊन आठवेल ते आणतो. दहा वाजता ती निघणार आहे. डोंबिवलीहून थेट नंदुरबारकडे, तिथून वर सातपुड्यात. सहा महिने. म्हणजे माझ्याकडे तीन तास आहेत, आणि मी मेलेल्या माणसाला पत्र लिहितोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी तोंड धू."

ती कोण ते सांगतो. ती डोळे तपासते. म्हणजे चष्म्याचे नंबर काढते आणि काचाही स्वतः घासते. पाड्यापाड्यावर जाऊन म्हाताऱ्या माणसांना तिथल्या तिथे चष्मा करून द्यायचा, असं तिच्या डोक्यात आहे. त्यासाठी तिने एक जुनी फोर बाय फोर घेतली आणि फेब्रुवारीत ती मुरबाड रोडच्या आमच्या गॅरेजवर आली. हातात यादी. काच घासायचं मशीन, दोन बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, फ्रेमची खोकी, तंबू, गॅस. प्रत्येकापुढे वजन लिहिलेलं. मला म्हणाली, "एवढं सगळं बसलं पाहिजे, गाडी घाट चढली पाहिजे आणि पोलिसाने थांबवलं तर कागद बरोबर पाहिजेत. जमेल?" मी यादी बघत नव्हतो, आई. मी म्हटलं, जमेल.

पण काम मी नीट केलं, हे तुला ऐकवायचंय. लोकांना वाटतं जास्त माल न्यायचा म्हणजे स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, टायर मोठे घालायचे, झालं. तसं नाही. गाडीने मालासकट एकूण किती वजन उचलायचं ते कंपनीने ठरवलेलं असतं, तेच कागदावर येतं, आणि मग तुम्ही खाली काहीही ठोका, तो आकडा हलत नाही. म्हणजे जास्त न्यायचं असेल तर आधी गाडीच हलकी करायची. आधीच्या मालकाने हौसेने लावलेला पुढचा लोखंडी गार्ड काढला. छपरावरचा जड कॅरिअर काढला. मागची सीटं काढली, पण अशीच नाही, आरटीओची परवानगी घेऊन. तीन खेपा घातल्या त्यासाठी. तिसऱ्या खेपेला इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "लोक इथे गाड्या भरून आणतात, तू रिकामी करून आणलीस." मी म्हटलं, "भरायचीय म्हणून साहेब." तो हसला आणि सही केली. कमी केलेल्या सीटांची नोंद कागदावर चढली त्या दिवशी मला वाटलं, कॉलेजात बसलो असतो तर हे शिकलो नसतो. आत अॅल्युमिनियमची फडताळं मी स्वतः बसवली. ती रोज विचारायची, "माझी गाडी मला देणारेस, की तिच्याशी लग्न लावून घेणारेस?" मी पाना पुसत बसायचो. एरवी गॅरेजात कोणी एक शब्द बोललं तर मी दोन परत करतो, शेठशी तर माझं आठवड्याला एकदा होतंच. तिच्यापुढे तोच पाना तिसऱ्यांदा पुसायचो.

एकदा तिने गॅरेजच्या शटरवर अक्षरांचा तक्ता लावला आणि सगळ्यांचे डोळे तपासले. शेवटची ओळ मला दिसेना. आधीच्यांनी वाचलेली ऐकून मी ठोकून दिली. ती म्हणाली, "अंदाजाने सांगतोयस." मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "अरे, ती ओळ मी आत्ता उलटी लावलीय, सरळ वाचलीस तू." शेठ पोट धरून हसला. मी ड्रमला लाथ घातली आणि बाहेर गेलो. चार दिवसांनी तिने चष्मा आणून दिला, माझ्या नंबरचा, तिने स्वतः घासलेला. मी तो तिच्यासमोर कधी घातला नाही. आत्ता घातलाय.

आता रविवारचं. गाडी पूर्ण भरली आणि काट्यावर नेली. तुझ्याच काट्यावर, आई. केबिनला आता एसी आहे, खिडकीत एक मुलगा बसतो, तो वर बघतसुद्धा नाही. ती, तिचे वडील आणि मी, तिघं गाडीतच बसून राहिलो, कारण माणसंही वजनात धरायची हे मला तूच शिकवलेलं. आकडा आला तो कागदावरच्या आकड्याच्या चाळीस किलो खाली. मला तिथेच नाचावंसं वाटलं. पण तू जे पुढे करायला लावायचीस ते मी केलं नाही.

तुला आठवतं का, तू काय करायचीस ते? सगळ्या गाडीचं वजन झालं, पावती फाटली, ड्रायव्हरने हात पुढे केला की तू पावती मागे ओढायचीस. "आता पुढची दोनच चाकं वर घे." मग मागची दोन. ड्रायव्हर वैतागायचे. "ताई, पावतीवर एकच आकडा लागतो." तू म्हणायचीस, "पावती तुझ्या शेठला. हे तुला." आणि पावतीच्या पाठीवर बॉलपेनने दोन आकडे लिहायचीस, पुढे किती, मागे किती. ते करायला कोणी तुला सांगितलेलं नव्हतं. कांदेवाले, भुसारवाले मागून हॉर्न मारायचे, तू ढिम्म. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो, कधी तुझा डबा घेऊन यायचो तेव्हा हे बघायचो. एक पिकअपवाला आलेला. त्याने मागे दोन-दोन पाटे वाढवलेले. मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "बघा ताई, आता कशी सरळ उभी राहते. कोण म्हणेल भरलीय?" तू खिडकीतून मान बाहेर काढलीस आणि म्हणालीस, "ब्रेकला कळवलंस का?"

त्याला कळेना. मलाही कळलं नाही. तू केबिनमधून खाली आलीस, पदर खोचलास, त्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर वाकलीस आणि बॉलपेनने गाडीखाली दाखवलंस. मागच्या एक्सलपासून वर चॅसीपर्यंत जाणारा बोटाएवढा दांडा. "हा बघ. गाडी मालाने खाली बसली की हा वर ढकलला जातो, मग ब्रेकला कळतं माल आहे, मागच्या चाकांना जोर द्यायचा. तू गाडी पाट्यांनी उचलून धरलीस. आता याला वाटतं गाडी रिकामी आहे. हा रिकाम्या गाडीएवढाच ब्रेक देणार मागे." कोणीतरी ओरडलं, "ताई, गॅरेज टाका तुम्ही." तू म्हणालीस, "टाकते. झाडायला तुलाच ठेवते." सगळे हसले. मला तेव्हा तुझी लाज वाटलेली, आई. तू अशी रस्त्यात वाकलेली, आणि ते बघतायत. मी डबा केबिनच्या पायरीवर ठेवून निघून गेलेलो.

तर रविवारी पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी मी घेतली नाहीत. मागे चार ट्रक उभे होते हे एक. खरं कारण असं की ती म्हणाली, "मला जाम भूक लागलीय." मी लगेच गाडी उतरवली. मिसळ खाल्ली. ती माझ्या वाटीत फरसाण टाकत होती. मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. खाऊन बाहेर आलो तर तिने लांबून गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "मागून अशी काय बसलीय रे? दमल्यासारखी दिसते."

बस. एवढंच. कोणी शहाण्याने विचार केला असता की मागून बसलीय म्हणजे माल मागे जास्त झालाय. बॅटऱ्या आणि पाणी मी अगदी शेवटी, दाराजवळ ठेवलेलं, काढायला सोपं म्हणून. ते पुढे सीटच्या पाठीला आणून लावलं असतं तर काम झालं असतं. पण तिने माझ्या गाडीला दमलेली म्हटलं ना. माझं डोकं सटकलं. "थांब तू," म्हणालो, गॅरेजला आणली, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पाटा जास्त सरकवला. ना कोणाला विचारलं, ना कागदावर घेतलं. तीन खेपा घालून जे कागद सरळ केले त्यावर मी स्वतःच बोळा फिरवला. गाडी मागून ताठ उभी राहिली. ती म्हणाली, "आत्ता कशी." आणि मला टाळी दिली. माझा हात ग्रीसने बरबटलेला, तरी दिली.

काल उतारावरून परत आल्यावर मी म्हटलं, जरा रॅम्पवर घेतो, नुसतं बघतो. चष्मा घातला, खाली गेलो. दांडा दिसला. आई, गाडीत खालपासून छपरापर्यंत माल भरलेला, आणि तो दांडा असा निवांत खाली लोंबत होता जसं काही आत कोणी नाहीच. वर ती दोघं बोलत होती. तिचे वडील विचारत होते, परवा पहिल्या गावात शाळेच्या वर्गात पंखा असेल का. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी चष्मा खिशात टाकला, बाहेर आलो आणि म्हटलं, "सगळं ओके." ती गाडी घेऊन गेली. आत्ता गाडी तिच्या बिल्डिंगखाली उभी आहे, भरलेली.

तू म्हणशील, मग फोन कर. केला असता. पण आधीचं तुला सांगितलं नाही. गाडी एप्रिलमध्येच तयार होणार होती. मी दोनदा खोटं बोललो. एकदा म्हटलं, आरटीओची तारीख मिळाली नाही. मिळालेली. दुसऱ्यांदा म्हटलं, फडताळाचं अॅल्युमिनियम आलं नाही. ते बाकड्याखाली पडलेलं, वरून मी गोणपाट टाकलेलं. कारण गाडी तयार झाली की ती गॅरेजवर यायची थांबणार. दुसऱ्या वेळी तिला गोणपाट दिसलं. तिने ते पायाने सरकवलं, बघितलं आणि म्हणाली, "परत असं करू नकोस हां. माझी माणसं वाट बघतायत तिकडे." आता निघायच्या दिवशी मी फोन करून सांगणार, गाडी नेऊ नकोस, ब्रेकमध्ये प्रॉब्लेम आहे. तिला काय वाटेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. एकच शब्द येईल तिकडून. "परत?"

रात्रभर दुसरा रस्ताही शोधला. दांड्याची लांबी बदलता येते. नट ढिला करायचा, थोडा वर चढवायचा, आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. आठला तिथे पोचून म्हणायचं, निघण्याआधी एकदा टायरची हवा बघतो, आणि खाली जाऊन करून टाकायचं. कोणाला कळणार नाही. ती जाईल, हात हलवेल, मी तिच्यासाठी चांगला राहीन. पण किती वर चढवायचा? मला माहीत नाही. मागे किती वजन आहे तेच मी मोजलं नाही. अंदाजाने करणार. आणि तोरणमाळच्या घाटात, तिचे वडील, ती आणि काच घासायचं मशीन माझ्या अंदाजावर खाली उतरणार. पुन्हा पाटे बेकायदा ते बेकायदाच राहणार.

ते ताडपत्रीचं आठवतं तुला? तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही नाही. दुसऱ्या वर्षाला माझं सरांशी भांडण झालं, मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि परत गेलोच नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचो आणि या गॅरेजवर यायचो. दोन महिने. एकदा भंगार घेऊन गॅरेजचा टेम्पो काट्यावर आला तेव्हा मी मागे होतो. तुझी केबिन दिसली आणि ताडपत्रीखाली शिरलो. भंगारवाल्याकडचं वजन आणि तुझ्याकडचं जुळेना. ड्रायव्हर घाबरला, "ताई, काट्यात काहीतरी आहे." मी श्वास धरून पडलेलो, अंगाखाली गिअरबॉक्सचे दात टोचत होते. मग तुझा आवाज आला, अगदी साधा. "काटा बरोबर आहे. साठ किलो जास्त आहे मागे. त्याला सांग, घरी जेवायला वेळेवर ये."

त्या रात्री तू भाकरी थापत होतीस आणि मी वाट बघत होतो की आता येईल, आता येईल. तू हात धुतलेस, फळीवरून एक डबी काढलीस आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलीस. टायरची हवा मोजायचं गेज. पितळी, नवीन. म्हणालीस, "अंगठ्याने दाबून सांगत जाऊ नकोस लोकांना." त्यावर मी जेवलो. पुढच्या महिन्यात तू आजारी पडलीस, आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं.

लोकांना मी काय सांगतो माहितेय? आई गेली म्हणून कॉलेज सुटलं. शेठला सांगितलं, मामाला सांगितलं. तिलाही सांगितलं, मार्चमध्ये, फडताळांची मापं घेताना. तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवलेला. मी तो हात तुझ्या नावावर घेतला, आई. तू जिवंत होतीस तेव्हाच मी सोडलेलं, आणि तुला माहीत होतं, आणि तू मला गेज दिलंस. यातलं काही मी तिला सांगितलं नाही.

साडेसात वाजले. शेठला मेसेज टाकलाय की रॅम्प रिकामा ठेव, वाढवलेले पाटे काढायचेत. त्याचं उत्तर आलंय, ते इथे लिहीत नाही. मी डोंबिवलीला जातो. आधी तिच्या वडिलांना सांगायचं, काका, तुमचं बरोबर होतं, मागचे पाय रोवत नाहीत, ते मी केलं. मग तिला. गोणपाटाचं तिला माहीत आहे, तारखेचंही सांगायचं. पाटे काढायचे, बॅटऱ्या आणि पाणी पुढे आणायचं, आणि मग काटा. सगळी गाडी. मग पुढची दोन. मग मागची दोन. तो खिडकीतला मुलगा वैतागला तर वैतागू दे, मी पावती मागेन आणि पाठीवर आकडे मीच लिहीन. एक दिवस जाईल. त्या गावात म्हातारी माणसं शाळेत येऊन बसतील आणि परत जातील, ते माझ्यावर. ती ओरडेल, किंवा ओरडणार नाही, जे जास्त वाईट. "परत?" म्हणेल, तेव्हा हो म्हणायचं, आणि तिला गाडीखाली वाकून तो दांडा दाखवायचा. तिला अक्षरं दिसतात तर हेही दिसेल. कॉलेजचंही सांगेन, पण काटा झाल्यावर. एका दिवसात एवढंच जमेल.

आणि आई, एक राहिलं. ती आज जाणार नाही, याचा मला आनंद होतोय. सगळ्याच्या खाली, तळाशी, होतोय. तो तोंडावर दिसला तर तिला वाटेल हे तिसरं खोटं. लपवायचा कसा ते मला येत नाही, तुला आलं असतं.

पावत्या ओट्यावरच ठेवतोय, साखरेच्या डब्याखाली. गेज घेतलंय. चष्मा काढणार नाही. निघालो, दार ओढून घेतोय.